अप्पांचे शाकाहारी मासे

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, माझ्याशी पहिलं वाक्य बोलायला चार वर्षं घेतली. एका घरात राहून, बरं का. दोघांच्या खोल्यांमध्ये एक भिंत, जेवायला एकच स्वयंपाकघर. तरी चार वर्षं. मला काही सांगायचं असलं की ते सासूबाईंना सांगायचे, मग मी समोर उभी का असेना.

“तिला सांग, दाराला कडी लाव म्हणून.”

मी दारापाशीच उभी. अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई, माझ्याकडं बघून म्हणायच्या, “कडी लाव म्हणायलेत.” मी कडी लावायचे. अव्वा त्यांना कळवायच्या, “लावली.” असा आमचा कारभार. सुनेला तोंडावर फाडफाड बोलणारे सासरे मी पाहिलेत. त्यांच्या सुना मला नशीबवान वाटायच्या.

त्यांचं कारण मला ठाऊक होतं आणि ते काही लपवतही नव्हते. आम्ही नांदेडचे भोई. माझे वडील गोदावरीत जाळं टाकायचे, आई टोपली घेऊन बाजारात बसायची. पुढं वडिलांनी नायगावकडच्या एका तलावात बीज सोडून मासे वाढवायचं काम धरलं आणि आमचे दिवस जरा बरे आले. मी लॅबचा कोर्स केला, लातूरला एका डॉक्टरांच्या लॅबमध्ये रक्त काढायला लागले. तिथं अप्पांचे रिपोर्ट न्यायला त्यांचा मुलगा यायचा. रिपोर्ट तयार असले तरी अर्धा तास बसून राहायचा. बाकीचं समजून घ्या.

सासरचं घर लिंगायतांचं. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडतीचं दुकान. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अंड्याचं टरफल शिरलं नव्हतं, आणि मुलानं सून आणली ती मासेवाल्यांची. आम्ही रजिस्टर लग्न केलं आणि वर्षभर भाड्याच्या खोलीत काढलं. मग अप्पांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, दुकान मुलाच्या हाती आलं, घरात माणूस हवं झालं, म्हणून अव्वांनी आम्हाला बोलावून घेतलं. अट अप्पांची होती, पण कळवली अव्वांनीच. मासा, मटण, अंडं घरात आणायचं नाही आणि बाहेरही तोंडाला लावायचं नाही. मी हो म्हणाले. जेवणाचं ते काय एवढं, माणसं महत्त्वाची, असं तेव्हा मनापासून वाटलं. आणि शब्द दिला तर दिला. आमच्यात तो मोडायची पद्धत नाही.

ते बोलत नाहीत याचं मी आधी हसू केलं. नंतर मला राग यायला लागला. आणि मग, कबूलच करते, मला त्याचा ध्यास लागला. या माणसानं एकदा तरी मला हाक मारावी. दर महिन्याला घरीच मी त्यांचं साखरेचं रक्त काढायचे. ते भिंतीकडं तोंड करून हात पुढं करायचे. शीर बारीक होती, पण कधी दोनदा टोचलं नाही मी. रक्त द्यायचे, शब्द द्यायचे नाहीत.

बोलायचे ते माशांशी.

ऑपरेशननंतर त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की मासे बघत बसलं की बीपी उतरतो. मुलानं काचेच्या भांड्यात पाच गोल्डफिश आणून दिले. भांड्यात ते गुदमरायला लागले, तसे अप्पांनी त्यांना परसातल्या हौदात सोडलं. पाण्याच्या टंचाईत बांधलेला सिमेंटचा हौद होता तो, पुरुषभर लांब आणि कमरेएवढा खोल. पुढं गच्चीवर टाक्या आल्या आणि हौद रिकामा पडला होता. लातुरात नळ आठ-आठ दिवसांनी येतो, तेव्हा परसात मासे पोसणं म्हणजे थट्टाच. पण अप्पा पक्के व्यापारी. हौदातलं काढलेलं पाणी कढीपत्त्याला, जास्वंदीला जायचं, थेंब वाया नाही. नळाचं नवीन पाणी दोन दिवस उन्हात ठेवून, त्यातल्या औषधाचा वास गेला की मगच हौदात.

मी पहिल्यांदा ते मासे पाहिले तेव्हा माझ्या मनात काय आलं ते सांगू का? एवढ्याशा माशाचा रस्सा किती होणार, हे आलं. रक्तातच आहे, काय करू. खायचा मासा मी डोळे झाकून ओळखते, पण नुसता बघायचा मासा मला नवीन होता. अव्वांनी माझी नजर ओळखली असावी. पुढचे आठ दिवस मी परसात कपडे वाळत घालायला गेले तरी त्या मागोमाग यायच्या.

आता त्या माशांच्या खाण्याची गोष्ट. सुरुवातीला दुकानातून दाण्यांचं पाकीट यायचं. एकदा अप्पांनी भिंग लावून पाकिटावरचं वाचायला घेतलं, इंग्रजी अडलं म्हणून मुलाला बोलावलं. मुलगा भोळा. तो म्हणाला, “अप्पा, यात माशाची पावडर आहे.”

अप्पांनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, “माशाला मासा खाऊ घालायलोत आपण?”

पाकीट त्याच दिवशी गेलं. तिथून पुढं हौदातले मासे शाकाहारी झाले. शेंगदाण्याचा कूट, ज्वारीचं पीठ, उकडलेला वाटाणा, पालकाचं पान. अप्पा स्वतः गोळ्या वळायचे. “आपल्या घरात राहतेत तर आपलंच खातील की,” म्हणायचे. आणि मासे खायचेही. गोल्डफिशला काही वावडं नसतं, पुढं येईल ते ओढतो. पाचही मासे चांगले तळहाताएवढे झाले, अंगावर सोन्याचं पाणी दिल्यासारखे. अप्पा हौदाच्या कठड्यावर बसून त्यांना बाजारभाव सांगायचे, आजची तुरीची आवक सांगायचे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकायचे आणि कणीक जरा जोरात तिंबायचे.

पहिल्या वर्षी शिवरात्रीच्या आसपास मासे हौदभर एकमेकांच्या मागं पळायला लागले. अप्पांना वाटलं भांडायलेत. मला कळलं काय चाललंय ते. दोन दिवसांनी हौदात सोडलेल्या जलपर्णीच्या मुळांना खसखशीसारखी अंडी चिकटलेली दिसली. अप्पांना केवढा आनंद झाला. शेजाऱ्यांना बोलावून दाखवली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुळं साफ. आईबापांनीच अंडी खाऊन टाकली होती. अप्पा मुळं उलटीसुलटी करून बघत राहिले. त्यांचा चेहरा बघवेना.

मी अव्वांना म्हणाले, “त्यांना सांगा, पुढच्या खेपेला अंडी दिसली की जलपर्णी उचलून वेगळ्या टबात ठेवायची. मासे आपली अंडी ओळखत नाहीत.”

अव्वा निरोप घेऊन गेल्या. मी कान देऊन होते. अप्पांनी विचारलं, “तिला कसं ठाऊक?”

“बाप हेच करतो की तिचा.”

अप्पा हौदाकडं वळले. पण पुढच्या माघात परसात निळा टब आलेला मी पाहिला.

त्या वर्षी अंडी फुटली. पिल्लं म्हणजे काय, पापणीच्या केसाएवढी, टबाच्या भिंतीला चिकटून बसलेली. आमच्याकडं एवढ्याला जिरे म्हणतात, आणि बोटाएवढं झालं की बोटुकली. दोन दिवस पोटातल्या शिदोरीवर निघाले, तिसऱ्या दिवशी पोहायला लागली. अप्पांनी जुन्या धोतराच्या फडक्यातून ज्वारीचं पीठ वस्त्रगाळ केलं आणि चिमटीनं टबात सोडलं. सहाव्या दिवसापासून पिल्लं मरायला लागली. आठवड्यात टब रिकामा.

आणि मी ते पाहिलं, जे मला आजही विसरता येत नाही. अप्पा चहाच्या गाळणीनं एकेक मेलेलं पिल्लू काढायचे. बेलाच्या झाडाखाली चमच्यानं खड्डा करायचे, त्यात ते ठेवायचे, वर विभूतीची चिमूट टाकायचे आणि माती लोटायचे. लिंगायतांत माणसाला माती देतात, जाळत नाहीत. हे पापणीच्या केसाएवढ्या माशाला माती देत होते. आमच्या घरी माशाचं मरण म्हणजे टोपली भरणं. मी खिडकीतून बघत होते आणि माझा सगळा राग कुठं गेला मला कळलं नाही. मला त्या म्हाताऱ्याची दया आली आणि मायाही वाटली, आणि दया आली म्हणून पुन्हा राग आला.

पिल्लं कशानं मरतात ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. उपाशी मरत होती ती. पिठाचा कण त्यांच्या तोंडात जातो, पण अंगी लागत नाही. एवढ्याशा जिवाला जिवंत खाणं लागतं, नाहीतर उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यात बांधून पाण्यात पिळायचा, दुधासारखा. नायगावला तलावाच्या कडेला माझे वडील बीजाला हेच द्यायचे. लहानपणी ते फडकं पिळायचं काम माझंच होतं.

मी अव्वांना सांगितलं. त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

“हे बोलू नको बाई. माझ्या तोंडातून हे त्यांच्यापर्यंत जायचं न्हाई.”

तिसऱ्या वर्षी पुन्हा तेच. अंडी, पिल्लं, पीठ, गाळणी, बेलाचं झाड. या खेपेला अप्पांनी पिठात दूध घालून पाहिलं. पाणी नासलं, पिल्लं दोन दिवस आधीच गेली. “आपला हात वाईट,” असं ते अव्वांना म्हणाले. “दुकान चालवलं, पोरं वाढवली, पण एवढाले जीव मला जगवता येईनात.” त्या दिवशी ते जेवले नाहीत.

इकडं माझंही काही ठीक चाललं नव्हतं. जिना चढताना धाप लागायची, केस मूठमूठ जायचे. लॅबमध्ये एकदा रिकामा वेळ होता म्हणून माझंच रक्त लावून पाहिलं. हिमोग्लोबिन साडेसात. दिवसभर दुसऱ्यांची रक्तं तपासणारी मी, हसावं की रडावं. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या घे आणि रोज अंडं खा, मासे खा, तू तर नांदेडची. मी म्हटलं, आमच्यात चालत नाही. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. ‘आमच्यात’ म्हणताना मी सासरच्यांसारखंच तोंड केलं होतं म्हणे.

अव्वांना गोळ्या सापडल्या तेव्हा त्यांनी हाय खाल्ली. लगेच बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे, नाचणी, सगळं सुरू झालं. माऊलीनं काही कमी केलं नाही. पण मला लहानपणापासून ज्याची सवय, ते खाणं माझ्या अंगातून तीन-चार वर्षांत निथळून गेलं होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. माहूरच्या यात्रेहून परतताना एका धाब्यावर शेजारच्या टेबलावर तळलेले मासे आले. मी ताटातली भाजी हलवत बसले आणि वासानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याला म्हटलं, मिरची लागली.

चौथ्या वर्षी अंडी फुटली तेव्हा मी ठरवलं. हे पुन्हा बघणं माझ्याच्यानं होणार नाही.

लॅबमधल्या चहाच्या किटलीत मी एक अंडं उकडलं. बलक काढून नमुन्याच्या कोऱ्या बाटलीत भरला, झाकण घट्ट लावलं. पांढरा भाग हातात राहिला. गरम होता. मी तो हातात धरून किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. मग बाहेर जाऊन लॅबच्या दाराशी झोपणाऱ्या कुत्र्याला घातला. घरात अंडं नेऊन मी अर्धा शब्द मोडत होते, उरलेला अर्धा तरी राहू दे म्हटलं.

संध्याकाळी अप्पा देवळात गेले की मी फडक्यात चिमूटभर बलक बांधून टबात पिळायचे. दुसरी पाळी सकाळी, ते लिंगपूजेला बसले की. तळहातावर लिंग घेऊन ते तासभर डोळे लावून बसायचे, मधे उठायचे नाहीत. आत पूजा आणि परसात माझं हे. मी देवाला एवढंच म्हणायचे की पाप असलं तर माझ्या नावावर लिही, पिल्लांच्या नाही. नवऱ्यालाही सांगितलं नाही. माणूस चांगला आहे, पण त्याच्या पोटात काही राहत नाही.

सहावा दिवस गेला. आठवा गेला. पिल्लं मेली नाहीत. दहाव्या दिवशी त्यांना पोट आलं, शेपट्या फुटल्या. अप्पा सकाळ-संध्याकाळ टबावर वाकलेले. हौदापाशी माणसं येऊन बघू लागली. आणि अप्पा त्यांना काय सांगायचे?

“पीठ दोनदा चाळायला पायजे. एकदा चाळून भागत न्हाई. मला तीन वर्षं हे कळालंच न्हाई.”

मी खिडकीतून ऐकायचे आणि ओठ दाताखाली धरायचे. समोरच्या गल्लीतले एक रिटायर्ड मास्तर तर वहीत उतरवून घेऊन गेले, पीठ दोनदा चाळणे. मला हसू आवरेना. पण खरं सांगते, त्या दिवसांत अप्पा घरात गुणगुणायचे. एकदा तर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, माझ्याकडं बघितलं, तोंड उघडलं. मला वाटलं आता बोलतात. मग अव्वांकडं वळून म्हणाले, “तिला सांग, टबाचं तिनं सांगितलेलं बरोबर निघालं.”

एवढं जवळ येऊन माघारी. तळपायाची आग मस्तकात गेली, पण सुखही तेवढंच झालं.

पंधराव्या की सोळाव्या दिवशी पहाटे पाचला नळ आला. आठ दिवसांनी आलेला नळ, घरात धावपळ. मी परसातलं पिंप भरत होते. वाकून नळी काढायला गेले आणि पुढचं काही आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा डोकं अव्वांच्या मांडीवर होतं. दवाखाना झाला, सलाइन झालं, आणि तीन दिवस पलंगावरून उठायचं नाही असा हुकूम झाला.

पडल्या पडल्या मला एकच दिसत होतं, तो निळा टब. पिल्लांना आता कुणी काही देणार नव्हतं. म्हणजे पीठ देणार होतं. दुसऱ्या दिवशी खिडकीतून अप्पांचा आवाज आला, “आज चार गेली.” तिसऱ्या दिवशी सकाळी, “आज अकरा.” त्यानंतर गाळणी टबाच्या कडेवर आपटल्याचा आवाज. तो आवाज मला चांगला ओळखीचा होता.

काय करावं मला सुचेना. सांगितलं तर चार वर्षं वाट पाहिलेलं ते वाक्य जन्मात यायचं नाही. घरातून जा म्हणाले तरी तो त्यांचा हक्क, अट मोडली होती मी. आणि नाही सांगितलं तर बेलाच्या झाडाखाली पुन्हा तेच. मी अर्धा तास छताकडं बघत पडले. मग माझाच मला संताप आला. माणूस उपाशी पिल्लांपुढं आपल्या मानापमानाचा हिशेब करत पडतो, ही काय रीत झाली. उठले, भिंतीला धरून परसात गेले.

अप्पा गाळणी घेऊन वाकले होते. अव्वा तुळशीपाशी. मी सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. निरोप्याकरवी नाही.

“अप्पा, ती पिठावर नव्हती जगली. अंड्यावर जगली. उकडलेल्या अंड्याचा बलक. सकाळी तुम्ही पूजेला बसला की, आणि संध्याकाळी देवळात गेला की मी द्यायचे. तीन दिवस दिला नाही म्हणून मरायलेत. आता तुम्ही मला काय करायचं ते करा, पण आज त्यांना बलक पायजे, नाहीतर उद्यापर्यंत एकही राहायचं नाही.”

अव्वांच्या हातातला तांब्या तुळशीतच राहिला.

अप्पांनी गाळणी कठड्यावर ठेवली. माझ्याकडं नाही, अव्वांकडं बघून विचारलं, “आपल्या घरात?”

“हाव, आपल्या घरात,” मीच म्हणाले. मला आता थांबताच येईना. “शब्द मोडला मी. पण अंडं मी तोंडात घातलं न्हाई. पांढरं रोज लॅबपुढच्या कुत्र्याला घातलं. विचारा पाहिजे तर.” कुणाला विचारणार, कुत्र्याला? पण तेव्हा तसंच बोलून गेले.

अप्पांनी आधी पिल्लांकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. चार वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की ते मला नीट बघतायत. डोळे, ओठ, हाताला सलाइनची पट्टी. पट्टीवर त्यांची नजर थांबली. मग आत गेले, टोपी घातली, पायात चपला अडकवल्या आणि घराबाहेर पडले.

अव्वा मटकन खाली बसल्या. “मठात गेले असतील. स्वामींना विचारायला. आता काय होतंय की बाई.”

मी खोलीत जाऊन बॅग काढली. नाटक म्हणून नाही. वडिलांना फोन लावला, तलावावर असतील म्हणून लागला नाही. नवऱ्याला लावला, तो दुकान आवरून दुपारी येतो म्हणाला. दोन साड्या बॅगेत टाकल्या आणि पुन्हा चक्कर आली म्हणून तिथंच फरशीवर बसले. रडले. पिल्लांसाठी रडले की माझ्यासाठी, ते मला सांगता यायचं नाही.

तासाभरानं फाटक वाजलं. अव्वांनी मला हाक मारली. आवाज असा होता की मी भिंत न धरता परसात गेले.

अप्पा घामानं भिजले होते. ऑपरेशन झालेला माणूस, उन्हाचा चालत आला होता. गल्लीतल्या दुकानात त्यांना सगळे ओळखतात, म्हणून पार बसस्टँडच्या पलीकडं गेले होते, हे नंतर कळलं. दुकानदारानं विचारलं म्हणे, कच्ची देऊ का उकडलेली. हे म्हणाले, लहान लेकरांना चालतील अशी दे.

धोतराचा सोगा त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता, पूजेची फुलं आणावीत तसा. तो हौदाच्या कठड्यावर हळूच सोडला. वर्तमानपत्रात गुंडाळलेली दोन अंडी होती.

अव्वांनी पदर नाकाला लावला, पण तिथून हलल्या नाहीत.

अप्पांनी कोपऱ्यातून तीन विटा आणून मांडल्या, माशांच्या वाटाण्याचं जुनं पातेलं त्यावर ठेवलं, खाली काड्या सारल्या. स्वयंपाकघराचा प्रश्नच नव्हता. पाण्याला उकळी आली तेव्हा आम्ही तिघं त्या पातेल्याकडं बघत उभे होतो. अंडी निघाली. मी एक सोलून बलक वेगळा केला, फडक्यात बांधून टबात पिळला. पाण्यात दुधाची रेघ सुटली आणि राहिलेली पिल्लं तिच्याकडं वळली. अप्पा वाकून बघत होते. त्यांच्या नाकावरून घामाचा थेंब टबात पडला.

दुसरं अंडं पातेल्यातच होतं. मी म्हणाले, “एवढं लागत न्हाई त्यांना. एकच पुष्कळ होतं.”

अव्वांनी सवयीनं तोंड उघडलं, माझा निरोप त्यांना द्यायला. अप्पांनी हात वर करून त्यांना थांबवलं. माझ्याकडं वळले.

“ते तुझं हाय. कुत्र्याला घालू नको.”

मी कठड्यावर बसले, अंडं सोललं. टरफल नीट निघेना. अप्पा पाठ करून टबाकडं बघत राहिले, मला खाता यावं म्हणून. मी पहिला घास घेतला. चार वर्षांनी. तेवढ्यात पाठमोरेच त्यांनी विचारलं,

“त्याला मीठ लागतं का गं, पोरी?”

“लागतं, अप्पा,” मी म्हणाले.

अव्वा आत जाऊन मीठ घेऊन आल्या.